पेन्सिलीचे आठ दिवस

“दमलोय. बसा.”

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांकडे कुणीही गेलं की ते हे दोन शब्द म्हणायचे. पालक असो, पोरगं असो, की तपासणीला आलेला साहेब असो. पहिल्या शब्दाला माणूस परत फिरायला लागायचा आणि दुसऱ्या शब्दाला खुर्ची ओढायचा. सबंध नोकरीत या माणसानं दमलोय म्हणून कुणाला उभं ठेवलेलं मी पाहिलं नाही. मी मात्र कधीच दमायची नाही. मी ताजीतवानी, तुरतुरीत, आणि पोरांना दाराबाहेर उभं करण्यात शाळेत पहिली.

सर आत्ता आठवायचं कारण माझी नात. ती यंदा दहावी झाली. मार्क चांगले पडले, म्हणजे आता घरातल्या सगळ्यांना डोकं फिरवून घ्यायला मोकळीक. लातुरात राहायचं आणि पोरांच्या विषयांवरून डोकं फिरवून घ्यायचं नाही, असं चालतच नाही. अकरावीचा फॉर्म हल्ली मोबाइलवर भरतात. सूनबाईनं तो मोबाइल माझ्या नाकापुढं धरला आणि म्हणाली, “आई, तुम्हीच सांगा तिला. गणित सोडायचं का बायोलॉजी सोडायची, का दोन्ही ठेवायचं? ती फक्त तुमचं ऐकते.”

जन्मभर मास्तरकी केलेल्या बाईला याहून गोड वाक्य सापडायचं नाही. एरवी मी पदर सावरून, चष्मा पुसून दीड तास बोलले असते. पण चष्म्याला हातच लावला नाही. हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलंय. तेव्हा ते लई महागात पडलं होतं. मला नाही, दुसऱ्यांना. मी त्या दिवशी वेळेवर घरी पोचले होते.

“आत्ता दमलेय,” मी सुनेला म्हणाले. पुढचा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

सर मूळचे देगलूरकडचे. बायकोपोरं नांदेडला आणि नोकरी चाकूरजवळच्या आमच्या शाळेत. शाळेमागं एका खोलीत एकटे राहायचे. शनिवारी दुपारी शाळा सुटली की नांदेडची एष्टी धरायची आणि सोमवारी सकाळी धपाट्यांचा डबा घेऊन हजर. ती धपाटी बुधवारपर्यंत पुरवायचे. बुधवारी त्यांचा डबा कुणी उघडायचा नाही, अगदी तेसुद्धा जरा विचार करून उघडायचे.

शर्टाच्या दुसऱ्या काजाला सुतळी बांधून तिला खोडरबर लटकवलेला. इस्त्री नाही, पट्टा नाही, पण खोडरबर कायम. पोरं त्यांना खोडरबरच म्हणायची. एकदा कुणीतरी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, ‘खोडरबर’. सर वर्गात आले, वाचलं आणि म्हणाले, “पेन्सिल कुठं गेली? जोडीनं लिहीत जा.” खडू घेऊन स्वतः पुढं ‘आणि पेन्सिल’ लिहिलं आणि गोदावरीच्या खोऱ्याला लागले.

खोडरबर बाळगायला कारण होतं. आमच्याकडे नववीच्या सुरुवातीलाच पोरांचे विषय ठरवून घ्यायचे, कारण दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर तेच जायचे. संपूर्ण हिंदी घ्यायचं का हिंदीसोबत संस्कृत. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गणित. त्या वर्षांत गणिताचे दोन प्रकार होते. एक बीजगणित-भूमितीचं, त्याला पोरं ‘अवघड’ म्हणत. दुसरं सामान्य गणित, त्याला ‘सोपं’. सोपं घेतलं की दहावी निघून जायची, पण पुढं विज्ञान शाखेचं दार बंद, तंत्रनिकेतनाचंही बंद. चौदा वर्षांच्या पोरानं एक खूण करायची आणि दार लागायचं. हे विषयनिवडीचं काम कुणालाच नको असायचं, म्हणून ते सरांकडे होतं.

सरांचा कायदा असा की फॉर्म पेन्सिलीनं भरायचा. मग आठ दिवस थांबायचं. त्या आठ दिवसांत पोरानं पाहिजे त्या विषयाच्या तासाला जाऊन बसायचं, दोन्ही गणितं चाखायची. नवव्या दिवशी सर स्वतःच्या पेनानं त्यावर शाई चढवणार.

“आठ दिवस कशाला?” मी एकदा विचारलं होतं.

“चप्पल घेतल्यावर तुम्ही घरात चालून बघत न्हाई का बाई?”

“दुकानातच बघते.”

“म्हनून तुम्ही लंगडत असता.”

मी लंगडत नव्हते. टाचा उंच होत्या. पंचेचाळिशीतली बाई, चाकूरच्या मुरमाड रस्त्यावर उंच टाचा घालून बीजगणित शिकवायला जायची. आज माझ्या सुनेनं असं केलं तर मी दिवसभर हसेन.

पोरांना ते एकच प्रश्न विचारायचे. आवडतं काय, व्हायचंय काय, मार्क किती, यातलं काही नाही. “कोनत्या तासाला भूक लागत न्हाई?” एवढंच. पोरं आधी हसायची, मग खरंच आठवायला लागायची. एकानं सांगितलं, “सर, चित्रकलेच्या.” दुसऱ्यानं सांगितलं, “इतिहासाच्या, पण फक्त लढाई असली तर.” मी चेष्टेनं म्हटलं, “सर, मला तर सगळ्याच तासांना भूक लागते.” ते शांतपणे म्हणाले, “मग तुम्ही मुख्याध्यापक व्हनार.” झाले नाही, पण फार थोडक्यात हुकलं.

आणि नवव्या दिवशी पोराला बापाबरोबर बोलवायचे. बाप खुर्चीत. पोरानं भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशाकडं तोंड करून, सगळ्यांकडं पाठ करून उभं राहायचं आणि विषय सांगायचा. “बापाचं तोंड दिसलं की पोराच्या तोंडातून बापच बोलतो,” सर म्हणायचे. मला हा निव्वळ तमाशा वाटायचा. पण एकदा मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याचं पोरगं नकाशाकडं तोंड करून दहा मिनिटं गप्प उभं राहिलं आणि मग बारीक आवाजात म्हणालं, “संस्कृत नको.” बाप ताडकन उठला. “अहो सर, त्यात मार्क पडतात!” सरांनी संस्कृतचं पुस्तक त्या बापाच्या हातात ठेवलं. “दमलोय. बसा. हे पुस्तक आठ दिवस तुम्ही न्या.” चौथ्याच दिवशी तो माणूस पुस्तक परत घेऊन आला. म्हणाला, “हिंदीच राहू द्या सर. मला एक ओळ वाचता येईना, घरात कुनी काही विचारंना झालंय.”

सगळ्यात मोठा वेडेपणा पुढंच आहे. सर ते फॉर्म हजेरी क्रमांकानं लावायचे नाहीत, गावांनी लावायचे. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आपल्या हातानं काढलेला तालुक्याचा नकाशा होता, रस्त्यांसकट, ओढ्यांसकट. त्या नकाशावर, ज्या गावचं पोरगं त्या गावावर त्याचा फॉर्म ठेवायचे. एखादा फॉर्म शोधायचा तर आधी पोराचं गाव माहीत पाहिजे. कारकून वैतागायचा. मी सगळ्यांसमोर म्हणायची, “सर, ही पोरं आहेत, तूर नाही.” स्टाफरूम हसायची. सरही हसायचे. हसण्यानं त्यांची दमणूक व्हायची नाही.

आता माझा पराक्रम.

मी गणिताची बाई, आणि वेळापत्रकही मीच करायची. बीजगणिताचा तास मी आठवीपासूनच कायम पहिला ठेवलेला. सकाळी डोकं ताजं असतं, असं माझं शास्त्र. सोपं गणित शेवटच्या तासाला, कारण ते कसंही होतं. पहिल्या तासाला घंटा झाली की दार बंद. उशिरा येणाऱ्यानं तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं. शिस्त म्हणजे शिस्त. मी स्वतः लातूरहून एष्टीनं अपडाऊन करायची. माझी गाडी उशिरा आली की ती एष्टीची चूक. त्यांची गाडी उशिरा आली की ती पोरांची चूक. हे गणित मला इतकं पक्कं येत होतं की कधी ताळा करून बघावासा वाटला नाही.

त्या वर्षी मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मला बोलावून सांगितलं, “बाई, निकाल वाढला पाहिजे.” मी आठवीच्या गुणपत्रिका काढल्या आणि गणितात कच्च्या बावीस पोरांची यादी केली. मग एकेकाला गाठून, डोक्यावरून हात फिरवून सांगितलं, “बाळा, तुला अवघड जमायचं नाही. सोपं घे.” पोरं लगेच तयार झाली. त्यांच्या आईबापांनाही निरोप दिले. गणिताच्या बाई सांगतात म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? बावीस जणांनी पेन्सिलीनं सोपं लिहिलं.

सरांचे आठ दिवस काही संपेनात. शनिवारी ते नांदेडला गेले. सोमवारी मोठ्या सरांना फॉर्म हवे होते. माझ्याकडे नवा पेन होता. शनिवारी दुपारी, माझी लातूरची गाडी सोडून, शाळेच्या कपाटातून ते सगळे फॉर्म काढले आणि एका बैठकीत सगळ्यांवर शाई चढवली. वर हजेरी क्रमांकानं नीट लावले. सुवाच्य अक्षर, एक डाग नाही. मला वाटलं, सोमवारी सर माझे पाय धरतील.

सोमवारी सर आले. डबा ठेवला, कपाट उघडलं आणि गठ्ठा हातात घेऊन उभेच राहिले.

“बाई, हे काय करून राहिले तुम्ही?”

“तुमचा त्रास वाचवला. तुम्ही दमता ना.”

वरच्या फॉर्मवर त्यांनी सुतळीचा खोडरबर टेकवला आणि घासायला लागले. शाई खोडरबरानं जात नाही हे त्यांना काय माहीत नव्हतं? घासत राहिले. कागद फाटला तेव्हा थांबले.

मधल्या सुट्टीत एक मुलगी दारात आली. शीतल तिचं नाव. आतल्या खेड्यातली, दोन वेण्या, एका वेणीची रिबन कायम सुटलेली. माझ्या यादीत होती. आठवीत गणितात तेवीस.

“दमलोय. बस,” सर म्हणाले.

ती बसली नाही. माझ्याकडं बघितलं आणि सरांनाच म्हणाली, “सर, मला अजून ठरवायचं न्हाई.”

“कामून?”

“सोप्याच्या तासाला बसले मी. सगळं आलं. पन भूक लई लागली.”

“अन् अवघडच्या?”

“त्या तासाला बसलेच न्हाई सर. आमची गाडी सव्वाअकराला येती. बाई आत घेत न्हाईत. मग तिथं भूक लागते का न्हाई, कसं कळनार?”

मी म्हणाले, “लवकर यावं मग.”

“एकच गाडी हाय, बाई,” ती म्हणाली. उद्धटपणानं नाही, माहिती द्यावी तसं.

“विज्ञानाच्या तासाला कसं होतं गं?” सरांनी विचारलं.

“विजेचा धडा होता तवा डबाच खाल्ला न्हाई.”

ती गेली. सरांनी तो गठ्ठा घेतला आणि त्यातले माझे बावीस फॉर्म वेगळे काढून टेबलाच्या काचेवर मांडायला लागले, गावांनी. मी उभी राहून बघत होते. एक फॉर्म, दोन, पाच, नऊ. सगळे एकाच रस्त्यावर पडत चालले. चाकूरपासून आत जाणारा तो एक रस्ता, त्यावरची गावं, आणि गावांवर फॉर्म. बावीसपैकी एकोणीस. बाकीच्या सबंध तालुक्यात तीनच.

“बाई,” सर म्हणाले, “ही गनितात कच्ची पोरं न्हाईत. ही एका एष्टीची पोरं हायत.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “शिस्तीचा प्रश्न आहे सर.” तेच वाक्य आजही कधीकधी भांडी घासताना माझ्या तोंडात येतं आणि मी एकटीच लाजते.

सर मोठ्या सरांकडे गेले. मोठे सर म्हणाले, शाई झाली म्हणजे झाली. पालकानं स्वतः येऊन सही केली तरच बदल, आणि तोही बुधवारपर्यंत. जूनचे दिवस, पेरणी चालू. सरांनी एका कागदावर निरोप लिहिला आणि त्या गाडीच्या कंडक्टरला दिला. कंडक्टरनं तो प्रत्येक थांब्यावर तिकिटं फाडता फाडता मोठ्यानं वाचला म्हणे. बुधवारपर्यंत आठ जण आले. मातीनं भरलेले पाय व्हरांड्यात झटकून आत आले.

शीतलचे वडील त्यात होते. उंच, सावळा, अबोल माणूस. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “सर, तुमचा निरोप आला म्हनून आलो. पन बाईंनी सांगितलंय तिला जमनार न्हाई. बाई काय खोटं बोलतील? आमची पोरगी नापास झाली तर मग साळा बंद, न् काय. सोपंच राहू द्या.”

शीतल नकाशाकडं तोंड करून उभीच होती, नेहमीच्या पद्धतीनं. तिची पाठ नुसती ताठ झालेली दिसली.

सर म्हणाले, “पोरी, तू इकडं ये. बाई, तुम्ही जरा नकाशाकडं तोंड करा.”

“मी?”

“हाव. तुम्हीच.”

मी गेले. का गेले कोण जाणे. कदाचित त्या माणसासमोर नाही म्हणणं शोभलं नसतं म्हणून. समोर कोकणाची किनारपट्टी होती. मी रत्नागिरीकडं बघत उभी राहिले.

“आता सांगा,” पाठीमागून सरांचा आवाज आला. “मागच्या सबंध वर्षात ह्या पोरीला बीजगनिताचे किती तास शिकवले तुम्ही?”

कुणाचंच तोंड दिसत नसलं की खोटं बोलायला कारणच उरत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी आठवत राहिले. तिची गाडी कधी वेळेवर आली होती?

“पाचसहा,” मी म्हणाले.

“पाच धरू. पाच तासात पोरीनं तेवीस मार्क घेतले. तुम्ही शिकवता बरं, बाई.”

मागं कुणीतरी खोकलं. मी रत्नागिरी सोडली नाही.

“आता तिच्या वडिलांना सांगा. हिला गनित येत न्हाई का?”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. पाठीमागं खुर्ची सरकली. शीतलचे वडील म्हणत होते, “बाईंनाच माहीत न्हाई, तर मग पोरीलाच बघू द्या की.”

आठ फॉर्म बदलले. त्या रस्त्यावरचे अकरा राहिले.

बुधवारी संध्याकाळी सर म्हणाले, “मोठ्या सरांच्या हातापाया पडून उद्या दुपारपर्यंत मुदत घेतलीया. पेरनी सोडून मानसं यायची न्हाईत, आपनच जाऊ. साडेपाचची गाडी तिकडं मुक्कामी जाती, सकाळी तीच परत येती. अकरा घरं हायत. चला, बाई.”

माझी लातूरची गाडी पाच वीसला होती. घरी पाहुणे नव्हते, कुणी आजारी नव्हतं, काही काही नव्हतं. मी म्हणाले, “सर, माझी गाडी आहे.” ते म्हणाले, “बरं.” मी वेळेवर घरी पोचले, वरणाला फोडणी दिली आणि आपण आज केवढा मोठेपणा दाखवला हे नवऱ्याला रंगवून सांगितलं. रत्नागिरीचा भाग तेवढा गाळला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी सवयीनं दार लावलं. सव्वाअकराच्या सुमाराला दारावर टकटक झाली. उघडलं तर व्हरांड्यात नेहमीची सगळी पोरं उभी, आणि त्यांच्यामध्ये सर. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, खोडरबरालाही चिखल.

“आत येऊ का, बाई?” त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. खरंच परवानगी मागत होते.

मी बाजूला झाले. पोरं आत आली. सर त्यांच्यामागून आले आणि शेवटच्या बाकावर, एका मुलाला सरकवून बसले.

“काय झालं?” मी विचारलं.

“अकराही घरी गेलो. सगळ्यांचं एकच म्हननं. बाईंनी सांगितलंय. बाई येऊन सांगत असतील तर बदलू.” मग म्हणाले, “ती मानसं फक्त तुमचं ऐकतात.”

आणि डोकं बाकावर टेकवून म्हणाले, “दमलो.”

‘बसा’ म्हणाले नाहीत. मी उभीच होते. तास संपला तेव्हा कळलं, मी त्या दिवशी काहीच शिकवलं नव्हतं.

बीजगणिताचा तास मी चौथा केला. दार उघडं ठेवायला लागले. त्या आठांपैकी सहाजण दहावीला गणितात निघाले, दोघं राहिले. शीतलला एक्कावन्न पडले. ती तंत्रनिकेतनाला गेली एवढं ठाऊक आहे. पुढं तिचं काय झालं मला माहीत नाही. आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांचं पुढं काय झालं ते फक्त गोष्टीतल्या बायांना माहीत असतं. ती अकरा पोरं मात्र सगळी पास झाली, सोप्या गणितात, चांगल्या गुणांनी. निकालाच्या फलकावर त्यांची नावं आली आणि त्यांच्यापायी माझा सत्कार झाला. नारळ मी घरी आणला, खोबऱ्याची चटणी केली. घशाखाली उतरली, उतरली नाही असं कसं म्हणू? उतरलीच.

शाळेचा निकाल त्या दोघांमुळं एवढासा घसरला, म्हणून मोठ्या सरांनी विषयनिवडीचं काम सरांकडून काढून माझ्याकडं दिलं. सरांनी सुतळी सोडली आणि खोडरबर माझ्या टेबलावर ठेवला. “घ्या. लवकर झिजतो. नवा आनत जा.” बस, एवढंच. रागाचा एक शब्द नाही. रागावले असते तर माझी लवकर सुटका झाली असती.

निवृत्तीपर्यंत मी ते काम केलं, पेन्सिलीनं. भुकेचा प्रश्न मी विचारला की पोरं हसायची आणि हसून झालं की उत्तर द्यायची नाहीत. तो प्रश्न विचारायला तोंड दमलेलं लागत असावं. माझं तेव्हा नव्हतं.

सर आता नांदेडला असतात. त्यांच्या पोराच्या लग्नाला मी गेले होते तेव्हा त्यांनी उरलेल्या पत्रिकाही रस्त्यांनुसार लावून ठेवल्या होत्या, लोहा रस्ता, मुखेड रस्ता, देगलूर रस्ता, आणि त्यांची बायको कपाळाला हात लावून बसली होती. हल्ली त्यांना ऐकू कमी येतं. परवा मी फोन करून विचारलं, “सर, नातीला कोणता विषय सांगू?”

“कोन?”

“नात! माझी नात! विषय!”

“दमलोय,” ते पलीकडून ओरडले. “बसा!”

फोनवर काय बसू, कपाळ माझं. पण बसले.

काल संध्याकाळी सून पुन्हा मोबाइल घेऊन आली. मागं नात, फुगलेल्या गालांची. “आई, तुम्ही एकदा सांगून टाका, म्हणजे मी बटण दाबते.”

“शेवटची तारीख कधी आहे?”

“आहेत अजून आठनऊ दिवस. पण उगीच कशाला ठेवायचं?”

मी नातीकडं बघितलं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. त्यात काय लिहिलंय ते वाचत होती, म्हणजे ते तिला तिच्या तोंडानं म्हणता येईल. तिला वळून उभी राहा म्हणणार होते. पण इतक्या वर्षांनी एवढं तरी कळलंय की या घरात वळायचं कुणी. म्हणून मीच उठले. गुडघे कुरकुरले. नकाशा आमच्याकडं नाही, भिंतीवर कॅलेंडर आहे. त्याच्याकडं तोंड करून, सगळ्यांकडं पाठ करून उभी राहिले.

“आज्जी, काय करून राहिलीस?”

“दमलेय,” मी कॅलेंडरला म्हणाले. “तू बस. आणि कोणत्या तासाला भूक लागत नाही ते सांग. घाई नाही.”

सून काहीतरी पुटपुटली. पायात कळ यायला लागली. वेळ जावा म्हणून मी नेहमी करते तेच केलं. मनातल्या मनात चाकूरच्या त्या रस्त्यानं आत गेले, एकेका थांब्यावर उतरत, एकेक दार. गणेश. पुढच्या गावातली ज्योती आणि तिचा चुलत भाऊ बालाजी. ओढ्यापलीकडची रेखा. मला ती अकरा नावं अशीच येतात, हजेरी क्रमांकानं विचाराल तर एकही सांगता यायचं नाही. पाचव्या दाराशी मी पोचले होते, तेवढ्यात पाठीमागं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“आज्जी,” नात म्हणाली, “मला अजून ठरवायचं नाही.”